साडेचारची भरती

आई,

तंबू परवा तळघरातून वर आणला. बाल्कनीत उघडून झटकला, तर आतून दोन मुठी वाळू पडली. गेल्या वर्षी घडी घालताना तुम्ही ठासून सांगितलं होतंत, मी झाडलाय, कण राहिलेला नाही. राहिला होता. वाळू जिन्यातही सांडली, आणि नेमकी या आठवड्यात केअरवोखची पाटी माझ्या दाराला आहे, म्हणजे जिना झाडायची पाळी माझी. झाडत होते तेव्हा खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ केलर बाहेर आल्या. या उन्हाळ्यात तुमच्या त्या आजी दिसल्या नाहीत, म्हणाल्या. पाळी कुणाचीही असो, सकाळी उठून सगळा जिना झाडून ठेवणाऱ्या आजी त्यांच्या लक्षात होत्या. आधी त्यांना राग यायचा, नंतर त्या तुमच्यासाठी केक ठेवायला लागल्या. तुम्ही गेलात, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी माझा हात धरला, जरा वेळ तसाच ठेवला, आणि आत गेल्या.

समाचाराला भेटलेलं माणूस म्हणाल तर तेवढं एकच.

ही तक्रार नाही. लोकांचं बरोबरच आहे. इथल्या, स्टुटगार्टच्या मराठी लोकांच्या ग्रुपवर बातमी आली आणि खाली तुमच्या मंदारच्या नावाने हात जोडलेली चित्रं येत राहिली. तो ड्रेस्डेनला राहतो, तरी. मी त्याच ग्रुपवर आहे. मला कुणी वेगळं लिहिलं नाही. काय लिहिणार? घटस्फोट झालेल्या बाईची सासू गेली तर तिला काय म्हणायचं असतं, ते मलाही माहीत नाही.

इथे पूजा सांगायला येतात त्या जोशीकाकांना मी फोन केला आणि सरळ विचारलं, मला सुतक आहे का. माणूस चांगला आहे. थोडा विचार करून म्हणाले, शास्त्राप्रमाणे नाही, पण मनाला वाटत असेल तर पाळा. मनाला काय वाटतं ते विचारायला मी त्यांना फोन केला नव्हता. फोन ठेवला आणि कुकर लावला.

ऑफिसात सासू गेली तर रजा मिळते. आमच्या पर्सोनालमधल्या, रजांचं बघणाऱ्या बाईने संगणकात पाहिलं आणि अगदी हलक्या आवाजात, जणू मला ते नव्याने कळणार होतं, सांगितलं की मी घटस्फोटित आहे. गेनाऊ, अगदी बरोबर, मी म्हटलं आणि कामाला गेले. आम्ही ब्रेकच्या नळ्या फुटेपर्यंत दाब वाढवून तपासतो. त्या दिवशी पुष्कळ फोडल्या.

बातमी मला ईशानने दिली. तुमचा नातू मराठी सगळं समजतो आणि बोलतो जर्मन, हे तुम्हाला कधीच आवडलं नाही. या वेळीही तो जर्मनमध्येच बोलला. जर्मनमध्ये ते वाक्य फार लहान असतं.  मग तो मराठीत म्हणाला, "मम्मा, जेव." तुमच्याकडूनच शिकलेला तो शब्द.

मंदार आणि मी वेगळे झालो त्या उन्हाळ्यात तुम्ही नेहमीसारख्या आलात. विमानतळावर मंदार घ्यायला आला, ड्रेस्डेनला घेऊन गेला. काही आठवड्यांनी ईशानला सोबत घेऊन, ती निळी बॅग आणि कोकमाची बरणी घेऊन तुम्ही माझ्या दारात. मला आधी कळवलंही नव्हतंत. मी म्हटलं, आई, आता तुम्ही इथे कशा? चपला काढता काढता तुम्ही म्हणालात, "लग्नाला मला बोलावणं होतं, मी आले. घटस्फोटाला मला कुणी बोलावलं नाही. मला काय ठाऊक?"

त्या विषयावर तुम्ही बोललात ते एवढंच. पुढेही कधी नाही. तुम्ही कुणाची बाजू घेतली नाहीत, माझीही नाही. त्याचा मला तेव्हा राग होता, तोही तुम्हाला सांगायचा राहिला. उन्हाळ्याची तुम्ही परस्पर वाटणी करून टाकलीत: आधी त्यांच्याकडे, नंतर माझ्याकडे. तुमच्या नव्या सुनेने, शलाकाने दिलेली साडी माझ्याकडे नेसलात आणि मी दिलेला स्वेटर तिच्याकडे घातलात, आणि दोन्ही घरांत कुणाची काही बोलायची टाप नव्हती.

त्या वर्षी सप्टेंबरात मी आणि ईशान सार्डिनियाला तंबू घेऊन जाणार होतो. बोटीचं आरक्षण गाडीसकट झालेलं होतं. आयत्या वेळी ईशानला मित्रांबरोबर जायचं ठरलं. मी आरक्षण रद्द करायला बसले, तर तुम्ही मागून विचारलंत, समुद्र आहे का तिथे? मी म्हटलं, बेटच आहे, पण तंबूत झोपावं लागतं, जमिनीवर. "आंब्याच्या राखणीला माचाणावर झोपलेली बाई आहे मी," तुम्ही म्हणालात. "जमीन म्हणजे चैन झाली." आणि लगेच, "मंदारला सांगू नकोस. तो इन्शुरन्सचं काढेल."

मग आपण त्याला सांगितलं की समुद्राकाठी एक फेरीनवोनुंग घेतली आहे, दोन खोल्या, स्वयंपाकघर, खिडकीतून पाणी दिसतं. तुम्ही फोनवर त्या नसलेल्या खिडकीचं वर्णनही केलंत. इतकं सराईतपणे खोटं बोलणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

ती जागा तुम्ही पहिल्यांदा पाहिलीत ते मला आठवतं. पाओलाच्या शेतातून, तिच्या शेळ्यांच्या कुंपणाशेजारून खाली उतरणारी पायवाट, झुडपांचा तो औषधी वास, आणि खाली गोल गुलाबी खडकांमध्ये घातल्यासारखी एवढीशी वाळू. दुसरं कुणी नाही. पाओला वर्षाला दोनचार तंबूंनाच परवानगी देते आणि सप्टेंबरात बहुतेक आपलाच असायचा. पिण्याचं पाणी वरच्या नळावरून कॅनमध्ये भरून आणायचं. किनाऱ्यावर वाळलेल्या समुद्रगवताचे ढीग होते. तुम्ही त्यात हात घालून म्हणालात, हे नारळाच्या बुंध्याला घातलं तर काय माड होतील, आणि हे लोक नुसतं पडू देतात.

मी वाळू संपते तिथे सपाट जागा बघून तंबू लावायला घेतला. तुम्ही पाण्याकडे पाहिलंत, आकाशाकडे पाहिलंत, बोटांवर काहीतरी मोजलंत.

"आज षष्ठी. सहाची पाऊणपट साडेचार. साडेचारला समुद्र भरणार. तंबू वर घे."

गुहागरकडच्या बाईला कुणी हे शिकवावं लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. तुमच्या गावात मुलं पाढ्यांबरोबर ते शिकतात. मी साताऱ्याची. समुद्र मी पुस्तकात शिकले, पण पुस्तकात तरी नीट शिकले होते. तुम्हाला समजावून सांगितलं की हा समुद्र सगळीकडून बंद आहे, एक अरुंद तोंड आहे, भरतीला आत शिरायला वाव नाही. जेमतेम वीतभर वर-खाली होतो, तेही कुणाच्या लक्षात येत नाही. इथे साडेचारला काहीही होणार नाही.

तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत. मग एक चपटा काळा दगड उचलून पाण्याच्या रेघेवर ठेवलात आणि म्हणालात, "समुद्र आहे ना? मग येईल."

मी दमले होते. त्या वर्षी मला झोपच येत नव्हती. सकाळी उजाडेपर्यंत छताकडे बघायचं आणि मग कामाला जायचं, असे महिने गेले होते. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, त्या पर्समध्येच होत्या. दुपारी कुळथाचं पिठलं आणि भात खाल्ला, तंबूच्या तोंडाशी चटई टाकून जरा पाठ टेकली, आणि मी झोपले. कशी झोपले मला माहीत नाही. जाग आली तेव्हा ऊन खडकांच्या माथ्यावर गेलं होतं. आपल्या चपला, गॅसची शेगडी, तांदळाची पिशवी, सगळं उचलून खडकावर ठेवलेलं. आणि तुम्ही पाण्याच्या कॅनवर, पदर डोक्यावरून घेऊन, माझ्याकडे पाठ करून त्या दगडाशी बसलेल्या.

मी विचारलं, "आली का?"

"अजून नाही. तू झोप."

तो आपला शिरस्ता झाला. दर सप्टेंबरात आपण जायचो. दर दुपारी तुम्ही तिथी मोजायचात, दगड ठेवायचात, सामान खडकावर चढवायचात आणि बसायचात. मी झोपायचे. उठले की विचारायचे, आली का. नाही म्हणालात की मी म्हणायचे, मी सांगितलं होतं. तुम्ही म्हणायचात, उद्या येईल, उद्या पाणी मोठं आहे. पाओलालाही तुम्ही मराठीत सगळं समजावून सांगितलंत. ती मान डोलावत सी, सी म्हणत राहिली आणि तुम्ही विजयी चेहऱ्याने माझ्याकडे पाहिलंत.

दुसऱ्या वर्षी तुम्ही स्टुटगार्टहून नारळ घेऊन आलात. बोटीने सुखरूप आणलं म्हणून समुद्राला द्यायचा होता. गुडघाभर पाण्यात जाऊन दोन्ही हातांनी सोडलात. तुमच्याकडे ओहोटी तो घेऊन जाते. इथे तो तिथल्या तिथे डुलत राहिला. संध्याकाळी तसाच. सकाळी बघतो तर वाळूवर, तंबूच्या समोर, आपली वाट बघत असल्यासारखा. मला हसू आवरेना. तुम्हाला अपमान वाटला, चांगला अर्धा तास बोलला नाहीत. मग म्हणालात, "त्याने परत दिला म्हणजे प्रसाद," आणि खडकावर आपटून फोडलात. चटणी केली, थोडं खोबरं पाओलाला दिलं. मला त्या दिवशी म्हणालात, "जो समुद्र जात नाही, त्याच्यावर भरवसा कसा ठेवायचा गो? जातो तोच परत येतो." मी म्हटलं, हा जातच नाही तर परत यायचा प्रश्नच नाही, चांगलंच आहे की. तुम्ही मान हलवलीत. ते चांगलं आहे असं तुम्हाला काही वाटलं नाही.

गेल्या वर्षी तुम्ही थकला होतात. पायवाट उतरताना माझा हात धरलात, जो तुम्ही कधी धरत नव्हतात. पण दगड ठेवलात, आणि कॅनवर बसलात. त्या दुपारी मी उठले तेव्हा सामान नेहमीपेक्षा वर, दुसऱ्या खडकावर गेलं होतं. पाण्याचे भरलेले कॅनसुद्धा. ते तुम्ही कसे उचललेत, मला अजून कळत नाही. माझ्या चटईचा खालचा कोपरा दुमडून ठेवलेला, माझ्या पायांवर तुमची शाल. आणि तुम्ही वाळूत उभ्या, परकराचा काठ ओला.

"आली होती," तुम्ही म्हणालात. "दगड बुडला. गेली परत."

मी वाळू पाहिली. खरंच बरीच वरपर्यंत ओली होती. मी विचारलं, मग मला उठवलं का नाही?

"तू झोपली होतीस."

आणि मी काय केलं, तर वाद घातला. वारा फिरला असेल, वाऱ्याने पाणी किनाऱ्याला ढकललं जातं. लांबून मोठी बोट गेली असेल, तिची लाट. मी फोन काढून भरतीचं कोष्टक दाखवलं: त्या दिवशी फरक वीतभरही नव्हता. तुम्ही चष्मा लावून ते नीट बघितलंत आणि मला परत दिलंत.

"फोन होता का तिथे? मी होते."

तो वाद गाडीत चालला, परतीच्या बोटीत चालला, विमानतळावर तुम्हाला सोडताना चालला. हिवाळ्यात तुम्ही फोन केलात की दोन वाक्यं तब्येतीची आणि मग, "विचारलंस का कुणाला?" मी म्हणायचे, कुणाला विचारायचंय, विज्ञान आहे ते. पुढच्या वर्षी काठीवर खुणा करून तुम्हाला मोजून दाखवते. दाखव, तुम्ही म्हणायचात. मग चिपळूणच्या डॉक्टरांनी विमानप्रवास नको म्हणून सांगितलं. बोटीचं आरक्षण मी रद्द केलं आणि तुम्हाला म्हटलं, पुढच्या वर्षी. तुम्हीही म्हणालात, पुढच्या वर्षी. आपण दोघीही तितक्याच सराईत होतो म्हणायचं.

आता मला तुमच्याविषयी बोलायला कुणी नाही, हे लिहायचं नव्हतं, पण खरं आहे. म्हणजे माणसं आहेत. ऑफिस आहे, शनिवारी बाजार आहे, ईशान रविवारी फोन करतो. पण तुम्ही मला मेधा म्हणून जी हाक मारायचात, ती हाक मारायचं नातं कुठल्या रकान्यात बसत नव्हतं आणि आता तर सिद्धच करता येत नाही. तुमचे दिवस तिकडे चालू आहेत, मंदार सगळं करतो आहे, शलाका त्याच्या शेजारी बसते आहे. बसायला हवंच. मी इथे ब्रेकच्या नळ्या तपासते, घरी येते, पातेल्यात एकीचा भात लावते. मी तुमची कोण होते हे कुणी मला विचारलेलं नाही. मी स्वतःला विचारलं, आणि मलाही धड सांगता आलं नाही. दरवर्षी तुम्हाला गाडीत घालून समुद्रावर नेणारी बाई. आणि तिथे पोहोचली की झोपणारी.

मंदारचा फोन आला तो मी तंबू वर आणला त्याच्या आदल्या दिवशी. दुपारची सुट्टी होती, मी कँटीनच्या बाहेर बाकावर होते. तो गावाहून बोलत होता. मागे भांड्यांचा आवाज येत होता.

एक विचारायचं होतं, म्हणाला. दवाखान्यातून घरी आणल्यावर शेवटचे दिवस तुम्ही काहीतरी सांगत होतात, त्याचा कुणालाच अर्थ लागला नाही. जो खोलीत येईल त्याला तुम्ही चपला जमिनीवरून उचलायला लावायचात. तांदूळ वर ठेवा म्हणायचात. आणि मग सारखं एकच, दगड बुडला, तिला उठवा. शलाका तुमच्या उशाशीच होती. तिने तुमचा हात धरून सांगितलं, मी इथेच आहे, आई. तुम्ही तिच्या गालाला हात लावलात आणि म्हणालात, "तू जागी आहेस गो. झोपल्येय तिला उठव. आता खूप वर आलंय."

मंदारला वाटलं, जुनं काही असेल, लहानपणीचं. त्याने गावातल्या आत्याला विचारलं, मामांना विचारलं. पूर आला होता का कधी, कुणी बुडालं होतं का. कुणाला काही माहीत नव्हतं. "मग वाटलं, उन्हाळ्यात ती तुझ्याकडे असायची," तो म्हणाला. "तुला काही कळतंय का?"

मंदारला सांगणार नाही, असा मी तुम्हाला शब्द दिला होता. पण तो शब्द त्याने तुम्हाला अडवू नये म्हणून होता, आणि आता तुम्हाला कोण अडवणार होतं? मी सगळं सांगितलं. तंबू, पाओला, कॅन, षष्ठीची पाऊणपट, नारळ परत आला ते. खिडकी नव्हती, तेही. मी दुपारी झोपायचे आणि तुम्ही बसायचात, हे सांगताना मला थांबावं लागलं, कारण मी ते आधी कधी कुणापुढे मोठ्याने म्हटलंच नव्हतं, आणि म्हटल्यावर ते मला पहिल्यांदा ऐकू आलं.

"तंबूत?" तो म्हणाला. "आई? जमिनीवर?"

"जमिनीवर."

मी थांबले. त्याने इन्शुरन्सचं काढलं नाही.  मग तुमच्या मुलाने, जो कधी समुद्रात पाऊल घालत नव्हता, अगदी लहान असल्यासारखं विचारलं, "मग खरंच आली होती का भरती?"

आई, उत्तर माझ्याकडे तयार होतं. वारा होता, बोटीची लाट होती, कोष्टक फोनमध्ये अजून आहे.

"आली होती," मी म्हटलं. "मी झोपले होते."